माझ्या गळ्यातली तांब्याची तार

मी शून्य नंबरची बरणी बोलतेय. हो, शून्य. माझ्या शेजारच्या चौघींना एक ते चार असे नंबर मिळाले, रंगीत चिकटपट्ट्या मिळाल्या, वहीत पानंच्या पानं मिळाली. मला काचेवर लिहायच्या पेन्सिलीने एक गोल काढून दिला. तोही पाणी लागलं की पुसायचा.

मी मत्सरी आहे. हे मीच आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्हाला एकमेकांना कोपर मारून सांगायला नको.

माझा जन्म काचेच्या भट्टीतला. भट्टीतून निघाले तेव्हा मी लालबुंद होते आणि माझ्याजवळ यायची कुणाची छाती नव्हती. गार झाल्यावर मात्र आरपार दिसायला लागले, आणि माझ्या आयुष्याची सगळी गोम तिथेच आहे. आरपार दिसणाऱ्याकडे कुणी बघत नाही. लोक त्याच्या पलीकडे बघतात.

तरी सुरुवातीचे दिवस चांगले गेले. मी एका गोळ्या-बिस्किटांच्या दुकानात होते, अगदी दर्शनी फळीवर. माझ्यात लाल, पिवळ्या, हिरव्या गोळ्या भरलेल्या असायच्या. शाळा सुटली की पोरं धावत यायची आणि माझ्या काचेला नाक टेकायची. दिवसाला पन्नास तरी नाकं! दुकानदारबाई रोज संध्याकाळी फडक्याने ती नाकं पुसायच्या आणि कुरकुरायच्या. मी मात्र दुसऱ्या दिवशीच्या नाकांची वाट बघायचे. तेव्हा मला वाटायचं, पोरं मलाच बघायला येतात.

मग बाई थकल्या, लेकीकडे राहायला निघाल्या आणि दुकान बंद झालं. खोकल्याच्या गोळ्या न्यायला येणारं एक नेहमीचं गिऱ्हाईक होतं. त्या गृहस्थाने मला बोटाने टिचकी मारून बघितलं.

"बाई, ही बरणी मला द्या. हिची काच जाड आहे."

"न्या की. पण करणार काय एवढ्या मोठ्या बरणीचं?"

"आमच्या पोरींना राहायला घर पाहिजे."

त्या पोरी म्हणजे पाणपिसवा निघाल्या.

हे गृहस्थ एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपाई होते. एकतीस वर्षं तिथेच. सगळे त्यांना मामा म्हणायचे, प्राचार्यसुद्धा. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला त्यांची खोली. लांबलचक फळी, तिच्यावर ट्यूबलाइट, खिडकीपाशी हिरव्या पाण्याच्या बाटल्या. त्या हिरव्या पाण्यात शेवाळ वाढवायचं, आणि ते शेवाळ पिसवांना खायला घालायचं.

पाणपिसू तुम्ही बघितली नसेल. तिळाएवढा जीव. कोळंबी आणि खेकड्यांच्या गोतातली, पण सगळ्यात गरीब घरची. पाण्यात टुणटुण उड्या मारते म्हणून पिसू म्हणायचं, चावत-बिवत नाही. आणि ती माझ्यासारखीच आरपार असते. भिंगातून बघितलं तर तिचं धडधडणारं हृदय दिसतं, एकच काळा डोळा दिसतो, पाठीवरच्या पिशवीतली अंडी दिसतात. आणि अंगाच्या मधून गेलेला एक वाकडा हिरवा दोरा दिसतो. तो दोरा म्हणजे तिचं आतडं, शेवाळाने भरलेलं.

या हिरव्या दोऱ्यासाठीच सगळा खटाटोप चालला होता.

खटाटोप करणारी मुलगी संशोधन करायला आली होती. मामा तोंडावर तिला ताई म्हणायचे आणि तिच्या माघारी वावटळ. ती खोलीत शिरली की कागद उडायचे, दार आपटायचं आणि कुणाचा तरी चहा सांडायचा. गावाबाहेरच्या तळ्यात तिचे काका मासेमारी करत. एकदा ते पुतणीला भेटायला या खोलीत आले होते. स्टुलावर अवघडून बसले आणि म्हणाले, "मासा हातात घेतला की मला कळतं, हा उपाशी आहे. पण उपाशी का, ते मला कळत नाही. तू एवढी शिकलीस, ते तू सांग."

तळ्याच्या काठावर एक कारखाना होता. नळांना आणि दाराच्या कड्यांना चकाकी चढवायचा. ते सामान धुतलेलं पाणी नाल्यातून थेट तळ्यात जायचं, आणि त्या पाण्यात तांबं, जस्त, क्रोमियम असं सगळं असायचं. कारखान्याचं म्हणणं, मासे तर पोहतायत, मग बिघडलं काय? नगरपालिकेने एक समिती नेमली होती. नाला चालू ठेवायचा की बंद करायचा, हे समिती ठरवणार होती. वावटळीला त्या समितीपुढे दाखवायचं होतं की मासे ज्या पिसवांवर जगतात, त्या पिसवांच्या पोटात काय चाललंय.

म्हणून पाच बरण्या मांडल्या. एक नंबरमध्ये नाल्यापासून सगळ्यात लांबचं पाणी. दोन, तीन, असं जवळजवळ येत चार नंबरमध्ये थेट नाल्याच्या तोंडचं. प्रत्येकीत वीस पिसवा. आणि मी शून्य. माझ्यात स्वच्छ, निवळलेलं पाणी आणि वीस पिसवा. मी कशासाठी? तर बाकीच्यांत काय बिघडलं हे कळायला एक न बिघडलेली पाहिजे, म्हणून.

म्हणजे माझं काम काय, तर काही न घडू देणं! पन्नास नाकांची सवय असलेल्या बरणीला हे काम द्यायचं म्हणजे काय, विचार करा.

"पण ताई, पोटच का?" मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "एवढं हृदय धडधडतंय बिचारीचं, ते सोडून आतडी काय बघत बसता?"

"मामा, मेलेलं सगळ्यांनाच दिसतं. पण मरायच्या कितीतरी आधी जेवण थांबतं. मला ते दाखवायचंय." वावटळ बोलता बोलता ड्रॉपर हवेत नाचवत होती. "पाचकरस म्हणजे कात्री समजा. घास कापते. हे धातू पोटात जातात आणि कात्रीच्या खिळ्यावर बसतात. कात्री असते, पण उघडत नाही. मग पोट भरलेलं आणि जीव उपाशी."

"आमच्या साडूचं तसंच आहे. ढीगभर खातो आणि अंगाला काही लागत नाही."

"आणा त्यांना. पाच नंबरची बरणी मांडू."

दोघं हसले. मीही हसले असते, पण तेवढ्यात वावटळीने चौथीला लाल चिकटपट्टी लावली आणि माझं हसू तिथेच विरलं.

या चौथीबद्दल मी काय सांगू? नाल्याच्या तोंडचं पाणी पोटात घेऊन बाईसाहेब फळीच्या टोकाला, उजेडात. जो येईल तो सरळ तिच्याकडे. "बघू, बघू, चौथीत काय झालं?" पहिल्याच आठवड्यात तिच्यातल्या पिसवांच्या उड्या मंदावल्या. हिरवा दोरा आतल्या आत अडकून बसला, पुढे सरकेना. वावटळ तासन् तास तिच्यापुढे वाकून बसायची. दुसऱ्या विभागातले लोक तिला बघायला जिने चढून यायचे. चौथीचे फोटो निघाले, चौथीचा आलेख भिंतीवर लागला.

आणि मी? रोज सकाळी वावटळ वही उघडायची, माझ्यावरून नजर फिरवायची आणि एक शब्द लिहायची. ठीक. पुढच्या दिवशी, ठीक. त्याच्या पुढच्या दिवशी, ठीक. माझ्यातल्या पोरी खात होत्या, पचवत होत्या, पाठीवर अंडी वागवत होत्या, आणि या सगळ्याला मिळून दोन अक्षरं.

पाचव्या दिवशी दिव्याची परीक्षा झाली. प्रत्येक बरणीतल्या पाच पिसवा काढून त्यांना एक वेगळं खाणं द्यायचं, साखरेला बांधलेला एक रंग. पोटातला रस नीट चालत असेल तर साखर तुटते, रंग सुटतो, आणि काळ्या पडद्यामागे जांभळ्या दिव्याखाली त्या तिळाएवढ्या पोटात निळा उजेड पडतो. माझ्या पाचही पोरींची पोटं उजळली. निळीशार! मी तो उजेड पडद्याच्या फटीतून बघितला. मला वाटलं, झालं, आता माझा दिवस आला.

"शून्य ठीक," वावटळ म्हणाली, आणि कॅमेरा घेऊन चौथीच्या पिसवांकडे धावली. तिथे पाचांपैकी चार पोटं काळीकुट्ट होती. माझ्या उजेडापेक्षा तिचा अंधार मोठा ठरला.

त्या दिवशी मी मनात म्हटलं, माझ्यातही काहीतरी घडू दे. काहीही. एकदा लोकांनी माझ्याकडे वाकून बघू दे.

असं मागू नये. पण बरणीला हे कोण शिकवणार?

त्या खोलीत माझ्यासारखं आणखी एक जण होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. दाराशेजारी चौदा प्रबंधांची मुखपृष्ठं लावलेली होती. चौदा जणांच्या बरण्या मामांनी घासल्या, आम्लाने धुतल्या, तीन-तीनदा खळखळवल्या. नवीन मुलगा-मुलगी आली की मामांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "साबण लावायचा नाही. साबण लावाल तर पोरी मरतील." एकतीस वर्षांत त्यांच्या हातून साबणाचा एक फेस या बरण्यांना लागला नव्हता. पण त्या चौदा पुस्तकांपैकी एकातही त्यांचं नाव नव्हतं. ते बोलून दाखवत नसत. फक्त मला पुसताना एकदा म्हणाले, "तुझं-माझं सारखंच गं. आपलं काम नीट झालं की ते कुणाला दिसत नाही."

मला राग आला. मला मामांसारखं व्हायचं नव्हतं. मला चौथीसारखं व्हायचं होतं.

सहाव्या दिवशी माझ्या थर्मामीटरचा दोरा सुटला आणि तो तळाला जाऊन बसला. मामांनी तो बाहेर काढला, दोरा बघितला, च् च् केलं. खोलीतलं जुनं वायरिंग बदलून वायरमन नुकताच गेला होता, वायरचे तुकडे कोपऱ्यात पडले होते. मामांनी एक तुकडा उचलला, ब्लेडने वरचं प्लास्टिक सोललं. आतून तांब्याची तार निघाली. ती त्यांनी फडक्याने घासघासून लखलखीत केली. माझ्या गळ्याभोवती दोन वेढे दिले, पुढे एक छोटंसं वेटोळं काढलं, उगीच, शोभेला. आणि तारेचं टोक काठावरून आत वळवून थर्मामीटरला घट्ट बांधलं. दोन बोटं तार पाण्यात राहिली.

"दोऱ्याचा भरवसा नाही," मामा म्हणाले. मग दोन पावलं मागे सरून माझ्याकडे बघितलं. "आणि तुला तरी कोण काय देणार? आता बघ कशी दिसतेस."

खिडकीतून ऊन आलं आणि माझा गळा झळकला. चौथीकडे होती ती नुसती चिकटपट्टी. माझ्याकडे दागिना होता!

दुपारी मॅडम आल्या. मॅडम म्हणजे वावटळीच्या मार्गदर्शक, धातूंवर वीस वर्षं काम केलेल्या. जाता जाता थांबल्या. "अरे वा, शून्यला कुणी नटवलं?" हसल्या आणि पुढे गेल्या. वावटळीने मान वर न करताच लिहिलं, ठीक.

बघा तुम्ही. तांब्याने पिसवांच्या पोटात काय होतं हे शोधणारी खोली. भिंतीवर तांब्याचे आलेख. कपाटात तांब्याच्या क्षाराच्या बाटल्या, वर "धोका" लिहिलेल्या. आणि त्या खोलीत मी पाच दिवस तांब्याची तार पाण्यात सोडून बसले होते. सगळ्यांनी ती बघितली आणि कुणालाच काही वाटलं नाही. कारण शून्यमध्ये काही घडत नसतं, हे सगळ्यांना पाठ होतं.

आठव्या दिवशी मला जाणवलं. माझ्या पोरींच्या उड्या अर्ध्यावर आल्या होत्या. त्या खात होत्या, थोडंथोडं, पण खाल्लेलं पुढे जात नव्हतं. हिरवा दोरा जाड झाला आणि थबकला. नवव्या दिवशी पाठीवरच्या पिशव्या रिकाम्या दिसायला लागल्या. दहाव्या दिवशी एक जण हळूहळू खाली आली आणि माझ्या तळाला टेकली. तिचं वजन म्हणजे काहीच नाही. तरी मला ते कळलं.

खरं सांगू? पहिल्यांदा मला आनंद झाला होता. घडतंय, माझ्यातही घडतंय! चौथीकडे मी तिरक्या नजरेने बघितलंसुद्धा. मग एक खाली आली, मग दुसरी. त्यांची पोटं भरलेली होती. तेव्हा माझा आनंद आटला.

अकराव्या दिवशी दिव्याची दुसरी परीक्षा. पडदा ओढला, दिवा लागला. चौथीच्या पिसवा काळ्या. तिसरीच्या जवळजवळ काळ्या. मग वावटळीने माझ्या पाच ठेवल्या.

अंधार.

तिने दिवा हलवून बघितला. बटण बंद करून पुन्हा लावलं. पुन्हा बघितलं.

"मामा!" अशी हाक मी त्याआधी ऐकली नव्हती. "शून्यला साबण लावलात?"

मामा दारातच थांबले. "मी? साबण?"

"मग कशाने मेल्या? सोळा दिवसांनी समिती आहे माझी! या पाण्यात दुसरं काही नाहीच. कुणीतरी घाईत धुतलंय आणि साबण राहिलाय!"

"ताई, एकतीस वर्षं..."

"वर्षं नका सांगू मला!"

 मामा फडकं खांद्यावर टाकून निघून गेले. पहिल्यांदाच त्यांनी जाताना बरण्यांवर झाकणं ठेवली नाहीत.

मग मॅडम आल्या. सगळं ऐकून घेतलं, चष्मा डोक्यावर सरकवला. "अगं, रडतेस काय? पाचव्या दिवसाचे आकडे आहेत ना? तेव्हा शून्य व्यवस्थित होतं. तेवढेच दे. अकरावा दिवस गाळून टाक."

"पण मॅडम, शून्यच बिघडलंय. मग बाकीच्यांत जे झालं ते नाल्यामुळेच, असं मी कशावरून म्हणू?"

"समितीला काय दाखवायचंय? चौथी. लोक चौथीच बघणार. शून्य कोण बघतंय?"

मी तिथेच होते. ऐकत होते.

मॅडम गेल्यावर वावटळ बराच वेळ वही उघडून बसली. मग तिने अकराव्या दिवसाच्या रकान्यावर एक रेघ मारली. पेन्सिलीने मारली, पेनने नाही. तेवढंच मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामा नेहमीपेक्षा लवकर आले. बरण्या रिकाम्या करायचं काम त्यांच्याकडेच होतं. माझ्यातल्या जिवंत पिसवा त्यांनी चमच्याने एकेक करून काढल्या. त्या सहाच उरल्या होत्या. मग थर्मामीटर उचलला, माझ्या गळ्याचे वेढे सोडवले आणि तार बाहेर काढली.

पाण्याबाहेरची तार अजून चमकत होती. पाण्यातली मात्र काळपट पडली होती, आणि जिथे पाणी आणि हवा भेटतात तिथे तिच्यावर निळसर हिरवी पुटं चढली होती.

 मामांनी वळून भिंतीवरच्या आलेखाकडे बघितलं, कपाटातल्या धोक्याच्या बाटलीकडे बघितलं, आणि पुन्हा हातातल्या तारेकडे.

कचऱ्याचा डबा पायाशीच होता. वावटळ यायला वेळ होता. मामांना निवृत्त व्हायला चार महिने राहिले होते. मी मनात म्हटलं, टाका मामा. टाकून द्या. साबणाचं नाव झालंय, तेच राहू द्या. आणि आणखी एक गोष्ट होती, ती सांगायला लाज वाटते. माझा एकुलता एक दागिना खुनी ठरावा, हे मला नको होतं.

मामांनी स्टूल ओढलं आणि तार तळहातावर घेऊन बसले. तसेच बसून राहिले.

वावटळ आली. या वेळी दार आपटलं नाही.

"मामा, काल मी रागात..."

"साबण नव्हता, ताई."

"हो, मला माहीत आहे. मी उगीच..."

"साबण नव्हता. ही होती." त्यांनी हात पुढे केला. "मी बांधली. दोऱ्याऐवजी."

वावटळीने तार बघितली. पुटं बघितली. मग दोन्ही हातांनी डोकं धरून ती जमिनीवरच बसली. "तांबं! मामा, तांबं! मी दोन वर्षं तांब्यावर वाचतेय आणि ही तार माझ्या नाकासमोर... मी तर रोज बघत होते!"

"बघत नव्हतात. 'ठीक' म्हणत होतात."

 

"तुम्ही ती टाकून दिली असती तर मला कधीच कळलं नसतं," ती म्हणाली.

"म्हणून तर घेऊन बसलो."

वावटळ उठली. वही काढली, खोडरबर काढलं आणि ती पेन्सिलीची रेघ खोडली. मग कामाला लागली. ताज्या पिसवा घेतल्या, शून्य म्हणून एक कोरं काचेचं भांडं घेतलं आणि सात दिवसांचा प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी पहिल्या नोंदीचं पान शून्यचं होतं. माझ्यातलं पाणी बाटलीत भरून तांबं मोजायला पाठवलं. आकडा आला तो चौथीच्या पाण्यापेक्षा कमी होता. तिथेही मी मागेच! पण पोटं बंद पाडायला तेवढं पुरेसं होतं.

"हे सगळं समितीला सांगणार आहेस?" मॅडमनी विचारलं. "ते तुझी खिल्ली उडवतील."

"उडवू देत. पण मामांवर काही आलं तर मी रिपोर्टच देणार नाही."

 मॅडम म्हणाल्या, "त्या दुपारी मीही बघितली होती गं ती तार. हसले होते. तेही लिही."

समितीच्या दिवशी मला फडक्यात गुंडाळून नेलं. मला! चौथी खोलीतच राहिली, तिचे फक्त फोटो आले. लांब टेबलाच्या मधोमध मला ठेवलं, गळ्यात पुन्हा तीच तार, तशीच पुटं चढलेली. मागच्या खुर्च्यांवर वावटळीचे काका बसले होते. मामा दाराशी उभे होते, नेहमीसारखे.

वावटळीने आधी आपली चूक सांगितली आणि मग बाकीचं. कारखान्याचे व्यवस्थापक एवढ्याचीच वाट बघत होते. "म्हणजे यांच्या स्वच्छ पाण्यातसुद्धा किडे मेले!" ते समितीकडे वळून म्हणाले. "यांना स्वतःची बरणी सांभाळता येत नाही आणि या आमचा नाला बंद करायला निघाल्यात."

दोन-तीन जण हसले. वावटळीचे कान लाल झाले.

"साहेब, मी बोलू?" दाराकडून आवाज आला. मामा कुणाच्या परवानगीसाठी थांबले नाहीत. "मी शिपाई आहे. बरणी मी बिघडवली. ही बघा तार. हात-दीड हात असेल. पाण्यात होती फक्त दोन बोटं, ती पण पाच दिवस. तेवढ्याने बरणीभर पोरींची जेवणं बंद झाली. मी कबूल करतो. आता तुम्ही सांगा, तुमच्याकडून रोज किती जातं?"

कुणी हसलं नाही.

"सांगा ना," अध्यक्षबाई व्यवस्थापकांना म्हणाल्या. "रोज किती?"

व्यवस्थापक कागद चाळत राहिले. चाळता चाळता पहिल्या कागदावर परत आले.

मग अध्यक्षबाई उठल्या. टेबलाला वळसा घालून आल्या, चष्मा काढला आणि ती हिरवी पुटं नीट दिसावीत म्हणून इतक्या वाकल्या की त्यांचं नाक माझ्या काचेला टेकलं. त्यांच्यामागून दुसरे सदस्य आले, मग तिसरे. शेवटी वावटळीचे काका आले. ते सगळ्यात जास्त वेळ बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "पोट भरलेलं आणि जीव उपाशी."

किती वर्षांनी नाकं आली होती! ज्याच्यासाठी मी जळले, ते सगळं मला त्या दुपारी मिळालं. आणि मला तळाला टेकलेली ती पहिली पिसू आठवत होती.

पाणी साफ करायची टाकी बांधून होईपर्यंत नाला बंद ठेवायचा, असं समितीने ठरवलं. टाकी झाल्यावर पाणी तपासायचं, तेही याच खोलीत. तळं काही एका ठरावाने बरं होत नाही. तळाच्या गाळात जे बसलंय ते बसलंय. काका म्हणाले, मासा हाताला जड लागायला वर्षं जातील. पण नवीन तरी काही येणार नाही.

वावटळीचा रिपोर्ट छापून आला. त्यात एक ओळ आहे की शून्य क्रमांकाच्या बरणीतला दोष प्रयोगशाळेच्या शिपायांनी शोधून काढला, आणि पुढे मामांचं पूर्ण नाव. मामांनी त्या ओळीवरून तीन वेळा बोट फिरवलं. मग पान उघडंच ठेवून, चष्मा पुसायला म्हणून बाहेर गेले. मला त्यांचाही हेवा वाटला. पण त्या ओळीत मीही आहे, म्हणून गप्प बसले.

आता मी प्रयोगात नाही. तांबं लागलेल्या बरणीवर पुन्हा विसंबायला नको, असं मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचं बरोबरच आहे. मी वावटळीच्या टेबलावर असते. माझ्यात पेन्सिली आहेत, एक खोडरबर आहे. तार मामांनी काढून चौदा मुखपृष्ठांशेजारी खिळ्याला टांगलीय. नवीन कुणी आलं की मामांची आता दोन वाक्यं असतात. साबण लावायचा नाही. आणि शून्यकडे आधी बघायचं.

फळीवर नवीन शून्य बरणी आलीय. कोरी, ठेंगणी, फार काही देखणी नाही. रोज सकाळी वावटळ मागे पांढरा कागद धरून तिच्यापुढे पूर्ण एक मिनिट वाकते आणि मग अर्धं पान लिहिते. "ठीक" हा शब्द या खोलीत कुणी लिहीत नाही.

मी तिच्यावर जळते. तुम्ही म्हणाल, सवयच ती. पण यावेळी मी त्या अर्ध्या पानासाठी जळत नाही. तिच्या पाण्यात वीस हिरवे दोरे आहेत आणि ते सरकतायत. खाल्लेलं पचतंय, पाठीवर अंडी धरतायत, पिल्लं टुणटुण उड्या मारतायत. तिच्यात काहीही वाईट घडत नाही. मलाही एकदा हे सगळं मिळालं होतं. तेव्हा मी चौथीकडे बघत बसले होते.

तुमच्याही आसपास कुठेतरी एक शून्य नंबर असेल. मुकाट्याने नीट चाललेला, म्हणून तुमची नजर ज्याच्यावरून घसरून पुढे जाते असा. आज त्याच्यासमोर थोडं वाका. अगदी जवळून बघा, काचेला नाक टेकलं तरी चालेल. पुसायला मामा आहेत, अजून दोन महिने.